गुलाबी बोंडअळीचा पतंग : ओळख आणि मुक्काम

आपल्या नंदुरबार जिल्ह्यात कापूस पिकवणाऱ्या घरांत गुलाबी बोंडअळी सर्वांच्या परिचयाची आहे. पण तिचा पतंग फार थोड्यांनी पाहिला असेल. मीही पाहिला नव्हता. गेल्या दसऱ्याच्या सुमारास किडक्या बोंडातली एक अळी मी सरकीसह बरणीत ठेवली व तोंडाला फडके बांधले. अळीचा तपकिरी कोष झाला आणि नवव्या दिवशी त्यातून पतंग बाहेर आला.

तो जेमतेम नखाएवढा होता. रंग राखट तपकिरी, पुढच्या पंखांवर काळसर ठिपके, मागचे पंख रुपेरी व झालरीचे. दिवसा तो पालापाचोळ्यात दडतो व रात्री उडतो. म्हणून नजरेस पडत नाही. त्याचे शास्त्रीय नाव पेक्टिनोफोरा गॉसिपिएला. 1843 साली सॉन्डर्स या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने त्याचे प्रथम वर्णन केले, ते भडोचकडील नमुन्यांवरून. म्हणजे हा आपला जुना शेजारीच!

मादी पाते, फुले व कोवळ्या बोंडांवर अंडी घालते. चार-पाच दिवसांत अळी निघते. ती आधी पांढरट असते, मग गुलाबी होते. फुलात शिरली तर पाकळ्या जाळ्याने बांधते, तीच डोमकळी. बोंडात शिरल्यावर छिद्र बुजते व फवारणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. साधारण महिन्याभरात एक पिढी पुरी होते. 2002 साली बीटी कपाशी आली, 2006 मध्ये दोन जनुकांची आली. पण अळीने दोन्ही पचवली आणि 2017 साली महाराष्ट्रात मोठे नुकसान झाले.

मग उन्हाळ्यात ती राहते कोठे? वडील म्हणत, "कीड वाऱ्यावर येते." हिवाळ्यातल्या अळ्या सुप्तावस्थेत जातात, असे मी वाचले होते. म्हणून घरामागच्या पऱ्हाट्यांच्या ढिगातली वाळकी बोंडे फोडली. सातव्या बोंडात, एकमेकींना चिकटलेल्या दोन सरक्यांत, अळी जिवंत होती. वडिलांनी ती बराच वेळ पाहिली व म्हणाले, "म्हणजे आपणच पोसली."

पऱ्हाट्या फेकून द्या, असे सांगणे सोपे आहे; आमची चूल त्यांवरच पेटते. म्हणून आम्ही किडकी बोंडे तोडून आधी जाळली व काड्या तेवढ्या ठेवल्या. फरदडही यंदा घेतली नाही. परंतु एका घराने हे करून भागणार नाही. शेजारच्या ढिगातला पतंग बांध ओळखत नाही. विद्यार्थी मित्रांनो, सुट्टीत घरी जाल तेव्हा एक वाळके बोंड अवश्य फोडून पाहा आणि घरच्यांनाही दाखवा.