राइडला जाण्याआधी विचारा, शेवटी कोण असतं?

सायकलच्या दुकानात नवा माणूस आला की दुकानदार गिअर दाखवतो, फ्रेम उचलून बघायला लावतो आणि निघताना रविवारच्या ग्रुप राइडचं आमंत्रण देतो. ‘या हो, सगळे नवेच असतात. आरामात जातो आपण.’ हे आमंत्रण स्वीकारावं, असंच मी सांगेन. एकट्याने शिकायला वर्ष लागेल ते चारचौघांच्या संगतीत महिन्याभरात अंगवळणी पडतं. पण हो म्हणण्याआधी एवढं जरूर विचारा: तुमच्या राइडमध्ये सगळ्यात शेवटी कोण असतं?

एखाद्या माणसाचं नाव सांगितलं गेलं, तर निर्धास्त जा. ‘शेवटी कोण म्हणजे? ज्याचा स्पीड कमी तो,’ असं उत्तर आलं, तर त्या दुकानातून ट्यूब घ्या, हवा भरून घ्या, राइडला मात्र दुसरीकडे जा.

हे मी का सांगते आहे, ते ऐका. पुण्यात कोंढव्याकडून बोपदेव घाट चढायचा, भिवरीवरून सासवडला जाऊन मिसळ खायची आणि दिवे घाटाने हडपसरला उतरायचं, ही इथल्या सायकलवाल्यांची आवडती फेरी. ज्या दुकानातून मी सायकल घेतली, त्यांची राइड त्याच वाटेने निघाली. थंडीचे दिवस, अजून उजाडायचं होतं. वीसेक जण जमलो, फोटो झाला आणि निघालो. निघण्याआधी रस्त्याविषयी, खुणांविषयी कुणी अवाक्षर काढलं नाही. कोंढवा संपेपर्यंत पुढच्यांचे लाल दिवे दिसेनासे झाले होते.

घाट चढून गेल्यावर रस्ता मोकळा होतो, हलका उतार लागतो. आम्ही सहा-सात जण तिथे एकामागे एक लागलो. पुढच्याच्या आडोशाने वारा लागत नाही, पाय हलके पडतात, त्यामुळे अंतर आपोआप कमी होत जातं. समोर पट्टे पुसलेला गतिरोधक आला. सगळ्यात पुढच्याने ब्रेक दाबला, ओरडून सांगितलं नाही. माझं पुढचं चाक समोरच्याच्या मागच्या चाकाला घासलं. अशा वेळी पुढचा बहुधा सावरतो, पडतो तो मागचा. कारण त्याचं चाक हँडलसकट फिरतं आणि तोल सांभाळायला हातात काही उरत नाही. मी उजव्या हातावर पडले. मनगटाचं हाड मोडलं, हेल्मेटला कानाच्या वर बोटभर लांब तडा गेला. हेल्मेट नसतं तर तो तडा कुठे गेला असता, ते सांगायला नको.

माझ्यामागे असलेली कॉलेजमधली एक मुलगी थांबली. बाकीचे पुढे गेले. ती माणसं वाईट नव्हती. त्यातली दोघं-तिघं नंतर फळं घेऊन घरी आली, त्यांचे डोळे भरून आले होते. काहीतरी घासल्याचं, कुणीतरी पडल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं, पण मागे कुणीतरी बघेल असं प्रत्येकाला वाटलं. मागे बघायला कुणाला नेमलेलंच नव्हतं. राइड नेणाऱ्याचा फोन बॅगेत होता. सासवडला मिसळ खाऊन झाल्यावर त्याने तो बाहेर काढला, तेव्हा त्याला कळलं.

आम्हाला उचललं ते दुधाच्या टेम्पोवाल्याने. थांबला, पण हात लावायला बिचकला. ‘ताई, पोलिसांचं लफडं नको मागे.’ म्हणून इथेच सांगते, कारण ऐन वेळी हे माहीत असलेलं बरं. अपघातातल्या माणसाला दवाखान्यात पोचवणाऱ्याला नाव-पत्ता सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये त्यासाठीच्या मार्गदर्शक सूचनांवर शिक्कामोर्तब केलं आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातही मदतगाराला संरक्षण आलं. त्या मुलीला हे ठाऊक होतं, तिने त्याला समजावलं. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ लावायचा, हेही घरच्या सगळ्यांना पाठ असू द्या.

प्लास्टर निघाल्यावर सायकल तपासून घ्यायला मी पेठेतल्या एका लहानशा दुकानात गेले. तिथल्या काकांनी मला आधी विचारलं, ‘पडलात का?’ मी सायकलविषयी काही बोललेच नव्हते. ब्रेकच्या लिव्हरचं टोक घासलेलं त्यांना दिसलं होतं. मग त्यांनी पुढचा ब्रेक घट्ट दाबून सायकल मागेपुढे हलवली आणि मान तिरपी करून ऐकलं. हँडलच्या मुळाशी खडखड झाली तर तिथलं बेअरिंग ढिलं. चाक उचलून फिरवलं, रिम कुठे डुलते ते पाहिलं, तारा दोन-दोन करून चिमटीत दाबल्या. चाकाचा खटका उघडून पुन्हा लावला. ‘हा तळहातावर वळ उठेल इतका घट्ट लागला पाहिजे. तुमचा बोटाने उघडतोय.’ आणि मग एक गोष्ट दाखवली, जी सायकल विकताना कुणी दाखवली नव्हती. आपल्याकडे उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो. बाहेरून आलेल्या काही सायकलींना मात्र तो डाव्या हाताला असतो. माझ्या सायकलला तसाच होता. उतारावर घाबरून हात दाबला जातो तेव्हा कुठलं चाक थांबणार, हे आधी माहीत हवं. नवी सायकल घेतलीत तर दुकानाच्या दारातच चालवून एकेक ब्रेक वेगवेगळा दाबून बघा.

दुकान कसं आहे हे मी आता दुपारी जाऊन बघते, तेही आठवड्याच्या मधल्या वारी. शनिवारी संध्याकाळी तिथे जत्रा असते, कुणालाच तुमच्याशी बोलायला सवड नसते. बुधवारी मेकॅनिक निवांत असतो आणि त्याचा हात बघायला मिळतो. चांगला दुकानदार सायकल विकण्याआधी तुम्हाला उभं करून ती मापात बसते का ते बघतो. फ्रेमचा वरचा दांडा पायांमध्ये घेऊन, दोन्ही पाय जमिनीवर टेकवून उभं राहिल्यावर मध्ये दोन-तीन बोटं तरी जागा हवी. सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवली आणि पॅडल खाली नेलं, की पाय सरळ व्हायला हवा. मग चवडा ठेवून चालवताना गुडघा किंचित वाकतो आणि दुखत नाही. गुडघे दुखतात म्हणून सायकल सोडलेल्या कितीतरी बायका मला माहीत आहेत, आणि त्यातल्या बहुतेकींची सीट नुसती खाली होती.

पहिली सर्व्हिसिंग चुकवू नका. नव्या केबल सुरुवातीला ताणल्या जातात, तारा बसतात, त्यामुळे महिन्याभरात ब्रेक ढिले लागतात आणि गिअर नीट पडत नाहीत. सायकल बिघडली असं वाटून लोक वैतागतात, तर ते दहा मिनिटांचं काम असतं. म्हणूनच दुकानात तासभर मापं घेऊन तीच सायकल ऑनलाइन स्वस्तात मागवायची, हे मला पटत नाही. मेकॅनिकच्या मजुरीत तर घासाघीस करूच नये. माझ्या लहानपणी गल्लीच्या कोपऱ्यावर तासाच्या भाड्याने सायकल मिळायची. तो दुकानदार आमच्यासारख्या पोरांच्या हातात सायकल देतानाही आधी ब्रेक दाबून बघायचा. पुणं सायकलींचं शहर होतं ते अशा माणसांमुळे.

आता राइडविषयी. काकांच्या दुकानाची राइड पहिल्यांदा पाहिली तेव्हा निघण्याआधी पाच मिनिटं सगळ्यांना गोल उभं केलं होतं. वाट सांगितली, कुठे कुठे थांबायचं ते सांगितलं. पुढे कोण आणि शेवटी कोण, ते हात वर करून दाखवलं. शेवटच्या माणसाला ते ‘स्वीप’ म्हणतात. त्याच्याकडे पंप, जादा ट्यूब आणि प्रथमोपचाराची पिशवी असते, फोन हँडलवर असतो आणि कितीही हळू जावं लागलं तरी तो कुणाच्याही पुढे जात नाही. पुढचा प्रत्येक वळणाच्या तोंडाशी थांबतो. कुणी घरी परतणार असेल तर स्वीपला सांगूनच परततो. खड्डा दिसला की पुढचा हाताने खाली बोट दाखवतो आणि ओरडतो, ‘खड्डा!’ ते ऐकणारा मागच्यासाठी पुन्हा ओरडतो. मागून गाडी आली की तसाच निरोप उलट्या दिशेने, मागून पुढे जातो. पहिल्या दिवशी ओरडायला लाज वाटते. वाटू देऊ नका, जोरात ओरडा.

नव्या माणसाने पुढच्या सायकलपासून एका सायकलची तरी लांबी मोकळी ठेवावी आणि आपलं पुढचं चाक कुणाच्या मागच्या चाकाच्या बाजूला कधीच नेऊ नये. कुणी कितीही म्हणालं, ‘चिकटून या, सोपं जाईल,’ तरी नाही. ते कसब ओळखीच्या माणसांबरोबर, हळूहळू, सपाट रस्त्यावर शिकायचं असतं. घाटात तर एकेरी रांगच.

वेगाविषयी बोलताना ‘आरामात’ या शब्दावर जाऊ नका, आकडा विचारा. आणि तो थांबे धरून की सोडून, तेही विचारा. ताशी पंधरा म्हणायला अनेकांना संकोच वाटतो. ब्रेव्हे म्हणतात त्या लांब पल्ल्याच्या, ठरल्या वेळेत पूर्ण करायच्या राइडमध्ये, जिचे नियम पॅरिसच्या ओदाक्स क्लबने घालून दिले आहेत, २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास मिळतात. म्हणजे चहापाणी, पंक्चर, सगळं धरून ताशी पंधराच्या आतबाहेर. तेवढ्या वेगाने जाणाऱ्याला ब्रेव्हेचं पदक मिळतं, तर रविवारच्या राइडमध्ये त्याला मागे टाकून जाण्याचं काहीच कारण नाही.

बायकांनी आणखी दोन गोष्टी विचाराव्यात. राइडला नियमित येणाऱ्या बायका आहेत का, आणि वाटेत स्वच्छतागृह कुठे आहे. दुसऱ्या प्रश्नाला ज्यांच्याकडे पटकन उत्तर आहे, त्यांनी पहिल्याचाही विचार केलेला असतो. पहाटेच्या अंधारात, निर्जन रस्त्यावर एकटं मागे पडणं आपल्यासाठी केवळ दमण्याचा प्रश्न नसतो. हे राइड नेणाऱ्याला समजत नसेल तर त्याला स्पष्ट सांगावं.

जवळ ठेवायचं सामान फार नाही: आपल्या चाकाच्या मापाची ट्यूब, टायर काढायचे दोन चमचे, पंप, सुटे पैसे, ओळखपत्र आणि मागे लाल दिवा. फक्त व्हॉल्व्ह कुठला ते बघून ठेवा. जाड व्हॉल्व्ह मोटारसायकलसारखाच असतो, रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याकडे त्यात हवा भरता येते. बारीक, टोकाला स्क्रू असलेला व्हॉल्व्ह असेल तर त्यासाठी पितळेचं छोटं नोझल लागतं, ते दुकानातून घेऊन कायमचं पिशवीत टाका. कॉम्प्रेसरने हवा भरताना टायरच्या कडेवर लिहिलेल्या आकड्याच्या पुढे जाऊ देऊ नका. खायला केळं, चिक्की, राजगिऱ्याचा लाडू. एकदा आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी पुन्हा घालायचं नाही, नवं घ्यायचं.

काही दुकानं राइडआधी ‘जोखीम माझी’ अशा अर्थाच्या कागदावर सही घेतात. सही करायला हरकत नाही, पण वाचून करा. त्या कागदावर तुमच्या घरच्यांचा फोन नंबर आणि रक्तगट लिहायला जागा नसेल, तर तुम्ही स्वतः लिहा आणि राइड नेणाऱ्याला दाखवा.

पहिली राइड छोटी आणि सपाट निवडा. पुण्यात असाल तर पहाटे खडकवासल्यापर्यंत जाऊन, ट्रॅफिक वाढायच्या आत परत येणं पुरेसं आहे. सिंहगड, बोपदेव कुठे जात नाहीत. घरी पोचलात की ग्रुपवर ‘पोचले’ एवढा निरोप टाका, आणि ज्याचा निरोप आला नाही त्याला फोन करा.