पैसे उद्याचे, खर्च आजचा

ऑनलाइन काम करत देशभर फिरायचं आहे, असं सांगणारी मुलं-मुली मला वरचेवर भेटतात. कुणी नुकतीच पदवी घेतलेली असते, कुणी नोकरीला कंटाळलेलं असतं. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला : काम कुठल्या साइटवर मिळतं? मी उलट विचारते, काम मिळालं असं धरून चालू. त्याचे पैसे खात्यात कधी पडणार? याचं उत्तर बहुतेकांकडे नसतं, आणि घर सोडून निघालेला नवखा माणूस अडतो तो नेमका इथेच. काम जमत नाही म्हणून परत फिरलेले मी थोडे पाहिले. काम होतं, वेळेवर करून दिलंही होतं, पण मोबदला यायच्या आत गाठीचे पैसे संपले म्हणून परतलेले पुष्कळ पाहिले. म्हणून हा हिशेब सविस्तर मांडते आहे.

मी इंग्रजीतून मराठीत अनुवाद करते. ॲपमधला मजकूर, बँकांची माहितीपत्रकं, मालिकांची सबटायटल्स असं कामाचं स्वरूप. सुरुवात नाशिकला घरूनच केली. काम बऱ्यापैकी नियमित झालं तेव्हा हिमाचलातल्या बीर या गावी महिन्याच्या भाड्याने खोली घेतली. पॅराग्लायडिंगसाठी प्रसिद्ध असलेलं हे गाव लॅपटॉपवर काम करणाऱ्यांनाही सोयीचं आहे. तिथे असताना एका देशी एजन्सीचं मोठं काम आलं. दर शब्दामागे ठरलेला, काम वेळेत पोचवलेलं, पलीकडून शाबासकीही मिळालेली.

आता पैशांचा प्रवास बघा. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात केलेल्या कामाचं बिल महिनाअखेरीला पाठवायचं. बिल मिळाल्यापासून तीस दिवसांनी पैसे, असा करार. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी पैसे मेअखेरीला. प्रत्यक्षात जून उजाडला आणि एजन्सीकडून निरोप आला, ‘आमच्या ग्राहकाने आम्हालाच अजून दिलेले नाहीत.’ दरम्यान खोलीचं भाडं, जेवण, मोबाइलचं रिचार्ज, बसची तिकिटं यांतलं काहीही थांबलेलं नव्हतं. घरी असताना पैसे दोन महिने लांबले तर आई-वडिलांच्या घरात वरण-भात मिळतो. परगावी घरमालक पहिल्या तारखेला दारात उभा राहतो. माझ्याकडे बाजूला ठेवलेली रक्कम होती, तिच्या जोरावर मी तिथे टिकले. ती नसती तर मिळेल त्या दराने, मिळेल ते काम घ्यावं लागलं असतं.

परदेशी साइटवर पैसे लगेच मिळतात, असा समज आहे. तसं नाही. फायव्हरवर ग्राहकाने काम स्वीकारल्यावरही नव्या विक्रेत्याचे पैसे चौदा दिवस अडकून राहतात आणि रकमेतले २० टक्के साइट कापून घेते. हजार रुपयांच्या कामाचे आठशे, तेही पंधरवड्याने. अपवर्कवर तासाच्या हिशेबाने काम केलं तर आठवडा संपल्यावर साधारण दहा दिवसांनी पैसे काढता येतात. त्यात डॉलरचे रुपये होताना आणखी काही तुटतात. शिवाय पहिलं काम मिळेपर्यंत किती आठवडे जातील, याची खात्री कुणीच देऊ शकत नाही.

रिकाम्या खिशावर टपलेले

हातातले पैसे संपत आले की माणसाची पारख ढिली होते. फसवणारे नेमके तिथेच गळ टाकतात. बीरला माझ्या शेजारच्या खोलीत सांगलीची एक मुलगी राहायची. ग्राफिक डिझाइनचं काम उत्तम करायची. तिचेही पैसे एका ग्राहकाकडे अडकले होते. अशात तिला टेलिग्रामवर संदेश आला : हॉटेलांना नकाशावर चांगले अभिप्राय द्या, प्रत्येकाचे पन्नास रुपये. पहिल्या दिवशी खरोखर काहीशे रुपये खात्यात जमा झाले. मग तिला एका ग्रुपमध्ये घेतलं. तिथे इतर सभासद आपापल्या कमाईची चित्रं टाकत होते. पुढची कामं आधी पैसे भरून करायची होती : हजार भरा, तेराशे परत घ्या. तेही एकदा परत मिळाले. नंतर रक्कम वाढली आणि पैसे काढायच्या वेळी सांगण्यात आलं की आधी कर भरा, मग खातं मोकळं होईल. त्या मुलीची जवळची सगळी बचत त्यात गेली.

ती मुलगी अजिबात भोळी नव्हती. तिला त्या आठवड्यात भाडं भरायचं होतं, एवढंच. म्हणून नियम पक्का ठेवा : काम देणारा तुमच्याकडून कधीही पैसे घेत नाही. नोंदणी, प्रशिक्षण, अनामत, कर, नाव काहीही असो, काम मिळवण्यासाठी पैसे मागितले की तिथेच थांबा. आणि पैसे गेलेच, तर लाजेने गप्प बसू नका. १९३० या सायबर हेल्पलाइनवर तत्काळ फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे पुढच्या खात्यांत फिरायच्या आत बँकांना कळलं, तरच ते गोठवता येतात. तिथे एकेक तास मोलाचा असतो.

आणखी दोन सापळे आहेत. ‘तुमचं बँक खातं किंवा फ्रीलान्स साइटवरचं प्रोफाइल आम्हाला वापरायला द्या, महिन्याला ठरावीक रक्कम देतो,’ असं कुणी सांगितलं तर दार बंद करा. त्या खात्यातून फसवणुकीचा पैसा फिरला की पोलीस खातेदाराकडे येतात. दुसरा सापळा क्रिप्टोचा. ग्राहक मोबदला क्रिप्टोत देतो, आपण तो अनोळखी माणसाला विकून रुपये घेतो, आणि ते रुपये चोरीचे निघाले की आपलंच खातं गोठतं. परगावी असताना खातं गोठणं म्हणजे जेवणाचीही पंचाईत.

सगळ्यात भयंकर प्रकार परदेशी ‘डेटा एंट्री’च्या नोकऱ्यांचा. थायलंडमध्ये काम, तिकीट आमचं, असं सांगून तरुणांना सीमेपलीकडे म्यानमारमधल्या म्यावाडी भागात नेलं गेलं आणि तिथल्या बंदिस्त वसाहतींमध्ये त्यांच्याकडून लोकांना ऑनलाइन फसवण्याचं काम जबरदस्तीने करून घेतलं गेलं. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने अशा शेकडो भारतीयांना थायलंडमधल्या मे सोत इथून हवाई दलाच्या विमानांनी परत आणलं. परदेशातली नोकरी देतो म्हणणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का, ते घरच्यांसमोर बसून तपासा.

कागद आधी, बॅग नंतर

माझे अडकलेले पैसे अखेर मिळाले ते एका कागदामुळे. निघण्यापूर्वी एका सीए मैत्रिणीच्या आग्रहाने मी उद्यम नोंदणी केली होती. ती सरकारी पोर्टलवर मोफत होते. त्यासाठी पैसे मागणाऱ्या साइट खोट्या समजा. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेल्या पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावेत, असं २००६ चा एमएसएमई विकास कायदा सांगतो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं, आणि सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. सेवा देणारा एकटा माणूसही यात बसतो. मी एजन्सीला नोंदणी क्रमांकासह नम्र पण स्पष्ट पत्र लिहिलं. व्याज आलं नाही. मुद्दल मात्र आलं. हे संरक्षण देशातल्या ग्राहकापुरतंच आहे आणि नोंदणी काम करण्याच्या आधीची असावी लागते. म्हणून ती घरी असतानाच करून टाका.

परदेशी ग्राहकासाठी उपाय वेगळा. मोठं काम तुकड्यांत वाटून घ्या आणि पहिल्या तुकड्याचे पैसे हातात पडल्यावरच दुसऱ्याला हात लावा. नवा ग्राहक असेल तर थोडी रक्कम आगाऊ मागा. प्रामाणिक ग्राहकाला त्यात वावगं वाटत नाही. दर, मुदत, दुरुस्त्या किती वेळा करून द्यायच्या, पैसे कधी, हे सगळं ईमेलवर लेखी घ्या. फोनवरच्या गोड बोलण्याला वसुलीच्या वेळी किंमत नसते.

कराचाही विचार आधीच करा. देशी कंपन्या व्यावसायिक मोबदल्यातून साधारणपणे १० टक्के टीडीएस कापतात आणि पॅन दिला नसेल तर २० टक्के. हे पैसे बुडत नाहीत. विवरणपत्र भरल्यावर देय करात वळते होतात किंवा परत मिळतात. पण तोपर्यंत ते तुमच्या हातात नसतात, आणि फिरस्त्याच्या हिशेबात हाही उशीरच आहे. परदेशातून आलेल्या प्रत्येक रकमेची बँकेची पावती जपून ठेवा.

गाव निवडताना

निसर्ग बघायच्या आधी नेटवर्क बघा. महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही. तिथे पोस्टपेडच लागतं. प्रीपेड घेऊन श्रीनगरला उतरलात तर केवळ इंटरनेटच नव्हे, बँकेचा ओटीपीही येणार नाही. म्हणजे आलेले पैसेही वापरता येणार नाहीत. स्पितीत बर्फ, कोकणात पावसाळी वारं, कारण वेगळं असलं तरी वीज जाते ती जातेच. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम ठेवा. खोलीचे पैसे भरण्याआधी घरमालकाला तिथूनच व्हिडिओ कॉल करायला सांगा. वीज गेल्यावर वायफाय चालू राहतो का, हे स्पष्ट विचारा. आणि दर चार दिवसांनी गाव बदलू नका. महिनाभर एका ठिकाणी राहिलं तर भाडं कमी पडतं, प्रवासाचा खर्च वाचतो आणि कामाची लय बसते.

कामही असं निवडा की ज्याची वेळ तुमच्या फिरण्याला पूरक असेल. अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांतल्या मुलांना मराठी किंवा गणित शिकवणाऱ्या मैत्रिणी मला माहीत आहेत. उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातले संध्याकाळचे सहा म्हणजे आपल्याकडचे दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे साडेसहा. दोन तास शिकवलं की दिवस मोकळा. टॅली येत असेल तर हिशेब लिहिण्याचं काम, संपादन येत असेल तर व्हिडिओंचं काम. प्रवासात नवं कौशल्य शिकू आणि त्यावरच पोट भरू, हे बहुतेकांना झेपत नाही. येतं ते विका, नवं सावकाश शिका. अनुवादासारख्या क्षेत्रात यंत्राने केलेला मजकूर तपासून देण्याची कमी दराची कामं वाढली आहेत, तेव्हा काल कुणी किती कमावलं त्यावर आपला अंदाज बांधू नका.

परदेशाची घाई तर मुळीच नको. पर्यटक व्हिसा हा काम करण्याचा परवाना नसतो. थायलंडने जुलै २०२४ मध्ये दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी डीटीव्ही हा पाच वर्षांचा व्हिसा सुरू केला. त्यासाठी पाच लाख बाहतची शिल्लक दाखवावी लागते. इंडोनेशियाच्या तशाच व्हिसाला वर्षाला ६० हजार डॉलरचं उत्पन्न लागतं. या वाटा स्थिरावलेल्या माणसासाठी आहेत. नवख्याने आधी आपला देश बघावा.

निघण्याचा हिशेब

आता मूळ प्रश्नाचं उत्तर. काटकसरीने राहून तुमचा महिन्याचा खर्च पंचवीस हजार होतो असं धरा. पैसे यायला साठ दिवस लागणार असतील तर पन्नास हजार रुपये निघण्यापूर्वीच खात्यात हवेत. ग्राहक लांबणीवर टाकेल म्हणून आणखी एका महिन्याचे पंचवीस. आजारपण आणि घरी परतण्याचं तिकीट यांसाठी वेगळी रक्कम, तिला कशासाठीही हात लावायचा नाही. आरोग्य विमा वेगळा. आणि ही रक्कम जमेपर्यंत घरूनच काम करायचं, किमान सहा महिने, किमान तीन वेगवेगळ्या ग्राहकांसाठी. एकाच ग्राहकावर अवलंबून असलेला माणूस त्याच्या मर्जीवर जगतो. घरी सहा महिने जी कमाई जमली नाही, ती डोंगरावर गेल्याने जमणार नाही.

हे वाचून कुणी निघायचंच रद्द करू नये, असं मनापासून वाटतं. काम संपवून संध्याकाळी धौलाधारच्या पायथ्याशी चालायला जाणं हे सुख खरं आहे आणि ते मध्यमवर्गीय मराठी घरातल्या मुलीला स्वतःच्या कमाईवर मिळू शकतं, हे मी अनुभवलं आहे. पण त्या सुखाची किंमत आगाऊ भरावी लागते. तेव्हा मित्रांनो, वही घ्या, वरचा हिशेब स्वतःच्या आकड्यांनी मांडा, घरच्यांना दाखवा. येत्या तीन महिन्यांचा खर्च आज खात्यात असेल तर तिकीट काढा. नसेल तर आधी काम करा. डोंगर आणि समुद्र कुठेही जात नाहीत.