पाचव्या वर्षाची सुई

ताई, दादा, लेकराचं शाळेत नाव घालताना जन्माचा दाखला, आधार कार्ड आठवणीनं आणता ना? त्याच पिशवीत लसीकरणाचं कार्डही टाका.

माहूरच्या गावा-तांड्यांवर कितीतरी कार्डांवर शेवटचा रकाना कोरा दिसतो. दीड, अडीच, साडेतीन महिन्यांच्या सुया झालेल्या, दीड वर्षाचा बूस्टरही झालेला. मग 'झालं सगळं' म्हणून कार्ड पत्र्याच्या पेटीत तळाला जातं. पण डांग्या खोकल्याशी लढायचं बळ वर्षागणिक उतरत जातं. म्हणून पाच ते सहा वर्षांत त्रिगुणी लसीचा आणखी एक डोस असतो. सात उलटली की ती देत नाहीत.

डांग्या खोकला एकदा रात्री ऐकला की विसरत नाही. लेकरू उठून बसतं, श्वास न घेता खोकतच राहतं. तोंड लालनिळं, जीभ बाहेर, डोळ्यांतून धारा. मग 'हूऽप' असा लांब श्वास ओढतं आणि भडाभडा ओकतं. थोड्या वेळानं तेच लेकरू खेळायला लागतं. इथंच आपण फसतो, बाई. पहिला आठवडा-दीड आठवडा तर नुसतं पडसं वाटतं, आणि पसरतो तो तेव्हाच जास्त. आपण अडुळशाचा काढा पाजून शाळेत धाडतो. घरात एकाला झाला, तर लस न घेतलेल्या दहांपैकी आठांना तरी तो गाठतो.

शाळेतलं लेकरू बहुधा निभावतं. माझा जीव तुटतो तो पाळण्यातल्यासाठी. दीड महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लसच नसते. त्याला धड खोकताही येत नाही. हूप ऐकू येत नाही, श्वासच थांबतो.

सुईनं ताप येतो, दंड सुजतो, हे खरं. दिवस-दोन दिवसांत उतरतं. १९७५च्या सुमारास जपानमध्ये लोक याच लसीला घाबरले आणि ती टाळू लागले. १९७४मध्ये तिथं चारशेच्या आत रुग्ण होते, १९७९मध्ये तेरा हजार झाले. ४१ जीव गेले.

दसऱ्यानंतर ऊसतोडीला, वीटभट्टीला निघाल. भांडी, कोयते बांधाल, त्या गाठोड्यात कार्ड ठेवा. जिथं खोपी पडेल, तिथल्या सरकारी दवाखान्यातही राहिलेला डोस मिळतो, फुकट.