रात्रीच्या परसाची पाळत : ट्रेल कॅमेरा कसा निवडावा ?

झाडावरची पिकली पपई एका रात्रींत अर्धी खाल्लेली आढळते, केळीच्या बुंध्याशीं माती उकरलेली दिसते, कौलांवरून कांहींतरी जड पाउलें टाकीत गेल्याचा आवाज येतो. आणि सकाळीं घरांतील प्रत्येक मनुष्य निराळ्याच प्राण्यावर आळ घेतो. कोणी वटवाघळास दोष देतो, कोणी घुशीस, कोणी कांडेचोरास. आळ ठरला कीं शिक्षाही ठरते, व ती बहुधा विषाची असते. ही शिक्षा भलत्याच जिवास होण्याचा संभव किती मोठा आहे, याचा विचार मात्र फारसा होत नाहीं. विष खाऊन मंदावलेला उंदीर गव्हाणी घुबडानें उचलला म्हणजे पुष्कळदां तें घुबडही मरतें; म्हणजे ज्या पक्ष्यानें आपले उंदीर कमी करावयाचे, तोच नाहींसा होतो. शिवाय कांडेचोरास मारणें हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें गुन्हा आहे. तेव्हां चोर कोण हें आधीं डोळ्यांनीं पाहिलें पाहिजे. आणि रात्रभर न जागतां तें पाहण्याचें साधन म्हणजे ट्रेल कॅमेरा होय.

विद्यार्थिमित्रहो, ही युक्ति अगदींच आजची नव्हे. संयुक्त प्रांतांत वनाधिकारी असलेले एफ. डब्ल्यू. चॅम्पियन हे जंगलांतील वाटेवर तार ताणून ठेवीत; वाघाचा पाय तारेस लागतांच लख्ख प्रकाश पडे व वाघ आपल्या हातानें, किंबहुना आपल्या पायानें, स्वतःचें छायाचित्र काढून घेई ! अशीं छायाचित्रें त्यांनीं १९२७ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध केलीं. पुढें २०१८-१९ च्या व्याघ्रगणनेंत भारतांत २६,८३८ ठिकाणीं स्वयंचलित कॅमेरे लाविले गेले व त्यांनीं सुमारें साडेतीन कोटि छायाचित्रें टिपलीं. या कॅमेऱ्यांत तारेची जागा उष्णता ओळखणाऱ्या संवेदकानें घेतली आहे, आणि निवड करतांना पहिला विचार या संवेदकाचाच करावा.

प्रत्येक उष्ण वस्तूंतून अवरक्त किरण बाहेर पडत असतात. ते आपल्या डोळ्यांस दिसत नाहींत. संवेदकासमोरील जागेचे जणुं पट्टे पाडलेले असतात. एखादा उबदार प्राणी एका पट्ट्यांतून दुसऱ्यांत गेला कीं उष्णतेंत एकदम फरक पडतो व कॅमेरा जागा होतो. यांतील मर्म असें कीं, संवेदक उष्णता मोजीत नाहीं, तर उष्णतेंतील फरक हेरतो. यावरून तीन गोष्टी आपोआप निघतात. प्राणी आडवा गेला तर तो चटकन् पकडला जातो. सरळ कॅमेऱ्याकडे चालत आला तर पुष्कळदां उशीर होतो. साप किंवा बेडूक यांचें शरीर भोंवतालच्या हवेइतकेंच गरम वा थंड असल्यामुळें ते बहुधा निसटतात. त्यांच्यासाठीं ठराविक वेळानें आपोआप छायाचित्र घेण्याची सोय असलेला कॅमेरा हवा. तिसरी गोष्ट आपल्या हवेशीं निगडित आहे. वैशाखांत दिवसभर तापलेली भिंत व फरसबंदी संध्याकाळनंतरही धगधगत असते. अशा वेळीं प्राण्याचें अंग व त्याच्या मागची जमीन यांत फरकच थोडा उरतो आणि संवेदक मंद होतो. विदर्भांतील वाचकांस हें विशेषेंकरून सांगावेंसें वाटतें. तेव्हां संवेदकाची तीव्रता कमीअधिक करतां येणारा कॅमेरा घ्यावा व तो तापलेल्या भिंतीकडे तोंड करून लावूं नये.

संवेदक जागा झाल्यापासून चित्र निघेपर्यंत जो वेळ जातो तोही विचारून घ्यावा. अर्ध्या सेकंदाहून तो अधिक असेल तर चपळ मुंगसाची केवळ शेपटी पदरांत पडते.

आतां प्रकाशाविषयीं. रात्रीं चित्र काढण्यासाठीं हा कॅमेरा स्वतःच अवरक्त प्रकाश टाकतो. तो दोन प्रकारचा असतो. ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दूरवर पोहोंचतो, परंतु दिव्यांकडे पाहिल्यास मंद तांबूस झांक दिसते. ९४० नॅनोमीटरचा प्रकाश मनुष्यास मुळींच दिसत नाहीं; मात्र त्याची मजल कमी व चित्र किंचित् भरड. जंगलांत पहिला बरा. परसांत पांचसहा मीटर दिसलें तरी पुरतें. म्हणून माझें मत दुसऱ्याच्या बाजूचें आहे. रात्रीचें चित्र काळेंपांढरें येतें, आणि हिरवीं पानें अवरक्त प्रकाश फार परतवीत असल्यामुळें झाडें बर्फ पडल्यासारखीं पांढरीं दिसतात ! रंगावरून ओळख पटत नसल्यानें आकार व शेपटी नीट दिसली पाहिजे. कांडेचोराच्या शेपटीवर वलयें नसतात. जवादी मांजराच्या शेपटीवर असतात. दोघांतील भेद सांगावयाचा तर चित्र स्वच्छच हवें.

येथेंच जाहिरातींचा मोह आडवा येतो. डब्यावर तीस, चाळीस मेगापिक्सेल असे आंकडे ठळक छापलेले असतात. पुष्कळ स्वस्त कॅमेऱ्यांत लहानशा संवेदकानें टिपलेलें चित्र गणितानें फुगवून हा आंकडा साधलेला असतो. पाणी घालून दूध वाढवावें तसाच हा प्रकार! पालकांनीं त्या आंकड्यासाठीं एक पैसाही अधिक देऊं नये. त्यापेक्षां रात्रीं काढलेलें एखादें खरें चित्र दाखवा म्हणावें.

आणखी एक गोष्ट विक्रेता सहसा आपण होऊन सांगत नाहीं. या कॅमेऱ्याचें भिंग बहुधा दूरच्या प्राण्यासाठीं कायमचें बसविलेलें असतें. दीडदोन मीटरांच्या आंत आलेला प्राणी धूसर दिसतो. लहानशा अंगणांत तर सर्व नाट्य तेवढ्याच अंतरांत घडावयाचें. म्हणून स्पष्ट चित्राचें किमान अंतर किती, हें आधीं विचारावें, आणि कॅमेरा अपेक्षित वाटेपासून तीनेक मीटरांवर, गुडघ्याइतक्या किंवा त्याहून कमी उंचीवर बांधावा. समोरचें डोलणारें गवत कापून टाकावें; नाहींतर दुपारच्या वाऱ्यांत हजार चित्रें निघतील व त्यांत प्राणी एकही नसेल.

मोबाइलवर चित्र पाठविणारे कॅमेरेही मिळतात. त्यांस दरमहा खर्च येतो व स्वतःच्या अंगणांत त्यांची गरज नाहीं. पावसाळ्यासाठीं झांकणाची रबरी कड घट्ट आहे ना तें पाहावें, आंत ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी ठेवावी, आणि मुंग्यांवर लक्ष असूं द्यावें. पट्ट्याच्या फटींत त्या हां हां म्हणतां घर करतात.

कॅमेऱ्याचें तोंड शेजाऱ्यांच्या दाराखिडकीकडे किंवा रहदारीच्या वाटेकडे कदापि नसावें. तो लावण्यापूर्वीं शेजारी सांगून ठेवावें, व चुकून कोणाचें चित्र निघाल्यास तें त्याच दिवशीं पुसून टाकावें.

पहिल्याच रात्रीच्या चित्रावरून निकाल देऊं नये. पपईखालीं घूस दिसली म्हणून पपई घुशीनेंच पाडली असें होत नाहीं. वटवाघळानें खाली टाकलेलें फळ ती नुसतें उचलीतही असेल. कॅमेऱ्यांतील घड्याळ बरोबर लावून निदान पंधरा रात्रींची तारीख, वेळ, प्राणी व त्यानें केलेली कृति अशी नोंद वहींत करावी, आणि मग ती वही वडील मंडळींपुढें ठेवावी.