सेटिंग्ज आधी तपास

चिखली, जि. बुलढाणा

चि. भाच्यास,


सोयाबीन खरेदी केंद्रासाठी तू लिहितोयस तो प्रोग्राम पाहिला. हमीभाव आणि ओलाव्याची मर्यादा कोडमध्ये न कोंबता सेटिंग्जच्या वेगळ्या (एन्व्ह) फाइलमध्ये ठेवलीस, हे छान केलंस. २०२४-२५ ला हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, पुढच्या हंगामात ५,३२८ झाला. ओलाव्याची मर्यादा तर २०२४ च्या नोव्हेंबरात, खरेदी चालू असतानाच, केंद्र सरकारने १२ वरून १५ टक्क्यांवर नेली.

पण फाइलमधून जे येईल ते खरं मानून तू पुढे जातोस, याची मला काळजी वाटते. तिथून येतो तो मजकूर, संख्या नव्हे. जावास्क्रिप्टमध्ये दोन्ही बाजूंना मजकूरच राहिला तर ९ हा १२ पेक्षा मोठा ठरतो आणि चांगलं वाळलेलं सोयाबीन परत जातं. कुणी मराठी कीबोर्डवरून १५ टाकले, तर संख्येत बदलताना ‘नॅन’ (म्हणजे ‘ही संख्या नाही’) हाती येतं. ओलावा त्याहून जास्त आहे का, या प्रश्नाचं उत्तर कायम ‘नाही’ येतं. भिजलेला मालही पास होतो आणि स्क्रीनवर एकही एरर दिसत नाही.

म्हणून प्रोग्राम सुरू होतानाच सगळ्या सेटिंग्ज एका जागी वाच, संख्येत बदल, शक्य त्या मर्यादेत आहेत का बघ. एक जरी चुकली तरी प्रोग्राम सुरू होऊ देऊ नकोस. पानावर किती नोंदी दिसाव्यात याला डिफॉल्ट चालेल, भावाला मुळीच नको. २०२५-२६ ला आदल्या वर्षीचा भाव गुपचूप लागला असता तर शेतकरी क्विंटलमागे ४३६ रुपयांना बुडाला असता. सगळ्या चुका एकदम आणि मराठीत दाखव. बाहेर ट्रॅक्टरची रांग लागलेली असताना ऑपरेटरला एकेक शोधायला लावू नकोस. पासवर्ड मात्र त्या संदेशात छापू नकोस.

तपासणीचा कोडही चुकू शकतो. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीच्या एका कॉन्फिगरेशन फाइलने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले. त्यांचा प्रोग्राम २१ वं मूल्य वाचायला गेला, मिळत होती २० च. त्यांच्या तपासणीने ती फाइल पास केली होती. आपल्याकडे विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहावे लागले.

तेव्हा मुद्दाम बिघडवलेल्या फाइली तयार कर: रिकामी, उणे ओलाव्याची, मराठी अंकांची, भावात स्वल्पविराम असलेली. खरेदी सुरू होण्याआधी त्या मलाही पाठव, मी इथे चालवून बघतो.

तुझा,
मामा