रॅमला हात लावण्यापूर्वी

थंडीत अंबडच्या रूमवर स्वेटर काढताना चटचट आवाज येतो ना? माझी रॅम बहुधा त्याच स्थिर विद्युतने गेली. मला काहीच जाणवलं नाही! साधारण ३००० व्होल्टच्या खालचा झटका आपल्याला कळतही नाही. काही चिप मात्र १०० व्होल्टच्या आतच बाद होतात. कधी चिप अर्धवट दुखावते, महिन्याभराने पीसी हँग होतो आणि आपण विंडोजला शिव्या घालतो.

तेव्हा आधी शटडाऊन करा, प्लग काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा. रिस्ट स्ट्रॅप मनगटाला बांधा, क्लिप कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला लावा. प्लग काढल्यावर अर्थिंग कुठे राहिलं, असं कुणी विचारेल. पण आपण आणि कॅबिनेट एकाच विभवावर आलो, की ठिणगी पडायला कारणच उरत नाही.

स्ट्रॅपऐवजी नुसती तांब्याची वायर बांधायचा जुगाड मात्र नको. स्ट्रॅपमध्ये १ मेगाओहमचा रोध असतो. चुकून २३० व्होल्टला हात लागलाच, तर त्यातून जेमतेम ०.२३ मिलिअँपिअर प्रवाह जातो. वायरीत तो रोध नाही, तिथे रॅम नाही, आपणच जाऊ!

नवी रॅम कडेने धरा, आणि बसवेपर्यंत तिच्या अँटिस्टॅटिक पिशवीतच राहू द्या.