जुने इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर घ्यावेत का?

प्रश्न : मुंबईत जुने क्वाड ईएसएल-५७ स्वस्तात मिळताहेत. घेऊ का?
– एक वाचक, मंगरूळपीर

उत्तर : ख्याल-ठुमरी ऐकत असाल तर जरूर विचार करा. १९५७च्या या स्पीकरइतका गळ्याचा पोत उलगडणारा दुसरा मी ऐकलेला नाही. ढोल-ताशाचा दणका हवा असेल, तर मात्र नको.

यातला केसाहून पातळ पडदा हजारो व्होल्टवर भारलेला असतो. धूळ आणि समुद्राकाठची दमट हवा त्याला बाधते. म्हणून आगाऊ पैसे न देता मुंबईला जा. स्पीकर तासभर विजेवर ठेवा, मग ऐका. तडतड झाली किंवा एक बाजू क्षीण वाटली, तर पॅनेल दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करा. मागची जाळी स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही झटका बसतो. मोठ्या अॅम्प्लिफायरने पॅनेल जळतात, लहानच जोडा.